स्वभावाला औषध

आपल्या म्हणी मोठ्या ठाम असतात. 'स्वभावाला औषध नाही' असे एकदा कोणी म्हटले की पुढे बोलणेच खुंटते. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही तिचीच थोरली बहीण. घरात, शाळेत, कचेरीत, फार काय, लग्न जुळवतानासुद्धा ह्या दोघी बहिणी येऊन बसतात आणि निकाल देऊन मोकळ्या होतात. हा उतावळा, तो थंड, ही हौशी, ती भित्री. एकदा शिक्का बसला की जन्मभर पुसला जात नाही. मी शाळामास्तर, शिवाय कादंबऱ्या लिहिणारा. दोन्ही धंदे माणसांच्या स्वभावावर चालणारे. त्यामुळे ह्या निकालांविषयी मला पहिल्यापासून कुतूहल आहे. स्वभाव म्हणजे नेमके काय? तो राहतो कुठे? आणि त्याला खरोखरच औषध नाही काय?

गेल्या शंभर वर्षांत ह्या प्रश्नाचा मोठा शोध झाला. त्याचा एक धागा मेंदूतल्या 'डोपामीन' नावाच्या द्रव्यापर्यंत जातो. हा धागा विलक्षण वळणे घेत गेला आहे. तो व्हिएन्नाच्या रुग्णालयांतून निघतो, आपल्या सर्पगंधेच्या मुळीला वेढा घालतो, आपल्या मुंबईला स्पर्श करून जातो आणि स्वीडनमधल्या काही सशांपाशी पोचतो. फराळाचे ताट बाजूला ठेवून वाचावी, इतकी ती हकीकत रंजक आहे. आणि वाचून झाल्यावर घरातल्या माणसांकडे जरा निराळ्या नजरेने पाहावे, इतकी गंभीरही आहे.

स्वभाव शरीरात असतो ही कल्पना मात्र नवी नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानात वात, पित्त आणि कफ प्रकृतीची माणसे कशी चालतात, बोलतात, रागावतात ह्याचे वर्णन आहे. वातप्रकृतीचा मनुष्य चंचल आणि घाईचा, कफप्रकृतीचा धिमा आणि स्थिर. तिकडे ग्रीक वैद्यांनी रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार रस मानले, आणि दुसऱ्या शतकात गेलनने त्यांची सांगड माणसांच्या वृत्तींशी घातली. काळे पित्त वाढले की मनुष्य उदास होतो, असे युरोप पुढे दीड हजार वर्षे मानत राहिला. काळे पित्त कोणी कधी पाहिले नव्हते. पण स्वभावाच्या मुळाशी काहीतरी वाहते द्रव्य असावे, ही शंका माणसाच्या मनात किती जुनी आहे पाहा.

ह्या शंकेला पहिला भयंकर पुरावा मिळाला तो पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत. १९१७ साली व्हिएन्नाचे डॉक्टर कॉन्स्टँटिन फॉन एकोनोमो ह्यांनी एका नव्या मेंदूज्वराचे वर्णन प्रसिद्ध केले. रोगी दिवसच्या दिवस झोपून राहत. जेवता जेवता झोपत. ही साथ जगभर पसरली आणि सुमारे दहा वर्षांनी आली तशीच ओसरली. तिचे कारण आजतागायत निर्विवाद ठरलेले नाही. पुष्कळ माणसे दगावली. जी वाचली त्यांतल्या अनेकांना पुढे कंपवाताने गाठले; त्यांची शरीरे पुतळ्यासारखी थिजली.

माझ्यासारख्या मास्तराला हलवून सोडते ती मात्र ह्या साथीतून वाचलेल्या मुलांची कथा. शाळकरी वयाची ही मुले तापातून उठली, चालू-बोलू लागली, त्यांची बुद्धीही शाबूत दिसे. पण मूल निराळेच झालेले! कालपर्यंत सालस असलेला मुलगा आज चोऱ्या करी, खोटे बोले, धाकट्या भावंडांवर धावून जाई. क्षणभर एका जागी बसणे त्याला अशक्य होई. कित्येकांना केल्या कृत्याचा मागाहून पश्चात्ताप होई आणि तरी पुढच्या घटकेला तेच हातून घडे. इंग्लंड-अमेरिकेत अशा मुलांसाठी वेगळ्या संस्था उघडाव्या लागल्या. त्याआधी त्यांच्यातल्या किती जणांनी छड्या खाल्ल्या असतील, ह्याची कल्पनाच केलेली बरी. 'वळण बिघडले' असे जे आईबापांना वाटले, तो मेंदूच्या एका कोपऱ्याला झालेला घाव होता.

तो कोपरा कोणता, ह्याचाही अंदाज लवकरच आला. १९१९ साली पॅरिसमध्ये कॉन्स्टँटिन ट्रेटियाकॉफ ह्या तरुण संशोधकाने आपल्या प्रबंधात दाखवले की, कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूत एक ठरावीक जागा झडलेली असते. मेंदूच्या देठात, मध्यभागी, दोन्ही बाजूंना काळसर रंगाचा एकेक चिमुकला पट्टा असतो. शरीरशास्त्राच्या पुस्तकांत त्याचे नावच मुळी 'काळे द्रव्य' असे आहे. रोग्यांच्या मेंदूत ह्या पट्ट्याचा काळा रंग उडालेला असे. पण हा पट्टा करतो काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

आता थोडे आपल्या देशात येऊ. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे सर्पदंशावर, निद्रानाशावर आणि उन्मादावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. बिहारकडे तर तिला सरळ 'वेडाचे औषध' म्हणत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनी ह्या मुळीने वेडाचा झटका शमतो आणि रक्तदाबही उतरतो, असे प्रसिद्ध केले. त्याच साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी ह्यांनी तिच्यातली द्रव्ये वेगळी काढली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान ह्यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असे नाव दिले. पण पश्चिमेचे लक्ष तिकडे वेधले ते मुंबईच्या एका डॉक्टराने. रुस्तम जाल वकील हे के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर सर्पगंधेचे पद्धतशीर प्रयोग केले आणि १९४९ साली आपले निष्कर्ष ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकात छापले. तो निबंध जगभर वाचला गेला. १९५२ साली बाझल येथल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून 'रेसर्पीन' हे शुद्ध द्रव्य वेगळे काढले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचे मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले.

रेसर्पीनने खवळलेला मनुष्य शांत होई, हे खरे. पण डॉक्टरांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. काही रोगी जरुरीपेक्षा जास्त शांत होत. त्यांना कशात गोडी वाटेना. काही खिन्न होऊन बसत. काहींचे हातपाय कंपवातासारखे ताठत. एका मुळीचा अर्क माणसाची उमेद काढून घेतो, तर तो मेंदूतून नेमके काय काढून घेत असावा?

हा प्रश्न आर्व्हिड कार्लसन ह्या स्वीडिश संशोधकाने धसास लावला. लुंड येथल्या प्रयोगशाळेत त्यांनी सशांना रेसर्पीन टोचले. ससे कान पाडून, डोळे मिटून, मातीच्या गोळ्यासारखे पडून राहिले. मग त्यांनी त्याच सशांना 'डोपा' नावाचे द्रव्य टोचले, आणि पंधरा मिनिटांत ते कान टवकारून हिंडू लागले! ही गोष्ट १९५७ सालची. डोपापासून शरीरात डोपामीन बनते. डोपामीन काही नवे नव्हते. १९१० सालीच ते इंग्लंडमध्ये प्रयोगशाळेत तयार झाले होते. पण मेंदूतल्या दुसऱ्या एका द्रव्याचा तो नुसता कच्चा माल, अशी समजूत होती. १९५७ सालीच इंग्लंडमध्ये कॅथलीन मोंटॅग्यू ह्या बाईंनी ते मेंदूत असल्याचे दाखवले. पुढच्या वर्षी कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मोजमाप केले आणि रेसर्पीन ते नाहीसे करते, डोपा ते परत आणते, हे सिद्ध केले. म्हणजे सशांची गेलेली उमेद जिच्यासंगे परत आली, ती ही जिन्नस.

नव्या विचाराला जुने पंडित सहसा जागा देत नाहीत, आणि विज्ञानही ह्या रीतीला अपवाद नाही. १९६० साली लंडनला भरलेल्या एका परिषदेत सर हेन्री डेल ह्यांच्यासारख्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांनी कार्लसनच्या म्हणण्यावर शंका घेतली. पण त्याच साली व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच कंपवाताने वारलेल्या रोग्यांचे मेंदू तपासत होते. त्यांची परीक्षा मोठी साधी होती. डोपामीन असेल तर परीक्षानळीतले पाणी गुलाबी होई. निरोगी मेंदूच्या अर्काने पाणी गुलाबी झाले. कंपवाताच्या मेंदूच्या अर्काला जेमतेम छटा आली. फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता! १९६१ साली त्यांचे सहकारी वाल्टर बिर्कमायर ह्यांनी रोग्यांना डोपा टोचले. अंथरुणावर उठून बसता न येणारी माणसे उठून चालू लागली. परिणाम काही तासच टिके, पण जगाला वाट सापडली. पुढे १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास ह्यांनी औषध पोटातून, थोडे थोडे वाढवत देण्याची रीत बसवली आणि ते नेहमीच्या वापरात आले.

इथे एक वाचकांना गंमत वाटेल अशी गोष्ट सांगतो. डोपामीन तसेच दिले तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. डोपा मात्र शिरते आणि आत गेल्यावर डोपामीन होते. हे डोपा आपल्या रानातल्या खाजकुहिलीच्या बियांत भरपूर असते. आयुर्वेदातली कपिकच्छू ती हीच. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी ह्या आपल्याच दोन शास्त्रज्ञांनी त्या बियांतून डोपा वेगळे काढले होते. त्याचा मेंदूशी संबंध जगाला कळायला त्यानंतर वीस वर्षे जावी लागली. (हे वाचून कोणी खाजकुहिलीच्या बिया कुटायला बसू नये. बीमध्ये औषध किती हे बीगणिक बदलते, आणि मात्रा चुकली की काय होते, ते पुढे येतच आहे.)

१९६९ साली न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयात ऑलिव्हर सॅक्स ह्या तरुण डॉक्टराने जुन्या मेंदूज्वरातून वाचलेल्या रोग्यांना हे औषध दिले. ही माणसे चाळीस-चाळीस वर्षे पुतळ्यासारखी बसून होती. ती जागी झाली. बोलू, हसू, गाऊ लागली. परंतु काही आठवड्यांत अनेकांचा तोल दुसऱ्या बाजूला गेला. कोणाला उधाण आले, कोणाची वासना अनावर झाली, कोणी क्षणभर स्वस्थ बसेना. कुठवर औषध आणि कुठून स्वभाव, हे ओळखणे अवघड होऊन बसले. सॅक्स ह्यांनी १९७३ साली ह्या माणसांवर जे पुस्तक लिहिले ते जगभर गाजले. कादंबरीकाराने हेवा करावा अशी ती पात्रे आहेत. फरक एवढाच की ती खरी होती.

एवढे कळल्यावर पुढचा प्रश्न येणारच. रोगात ह्या द्रव्याने माणूस बदलतो, तर निरोगी माणसांच्या स्वभावातले फरकही ह्याच्याच कमी-जास्त प्रमाणाने पडत असतील काय? अमेरिकेतल्या सेंट लुईसचे मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट क्लोनिंजर ह्यांनी १९८७ साली एक आराखडा मांडला. नावीन्याची ओढ हा स्वभावाचा एक पैलू, आणि तो डोपामीनशी जोडलेला. धोका टाळण्याची वृत्ती दुसऱ्या द्रव्याशी, कौतुकाची भूक तिसऱ्याशी. ह्या आराखड्याला दुजोरा देणारी एक गोष्ट डॉक्टरांना जुनीच ठाऊक होती. कंपवात होणारी माणसे पुष्कळदा शिस्तीची, कष्टाळू, जपून वागणारी, नव्याच्या नादी न लागणारी असतात, असे त्यांचे निरीक्षण होते.

मग १९९६ साली जेरुसलेम आणि अमेरिका अशा दोन ठिकाणांहून एकदमच बातमी आली. डोपामीन ग्रहण करणाऱ्या एका कणाच्या जनुकाचे लांब रूप ज्यांच्यात असते, ती माणसे अधिक नावीन्यप्रिय असतात! पहिल्या पाहणीत १२४ माणसे होती, दुसरीत ३१५. वर्तमानपत्रांनी 'साहसाचे जनुक सापडले' म्हणून डांगोरा पिटला. पण पुढे इतर देशांत हीच तपासणी झाली तेव्हा कुठे संबंध दिसला, पुष्कळ ठिकाणी दिसला नाही. आणि सगळ्या पाहण्यांची गोळाबेरीज केली तेव्हा त्या लांब रूपाचा प्रभाव जवळजवळ विरून गेला. आज असे समजतात की, स्वभावाच्या एकेका छटेमागे शेकडो-हजारो जनुकांचे बारीक बारीक हात असतात, आणि त्यावर बालपण, शिक्षण, सोबत ह्यांचे संस्कार होतात. काळ्या पित्ताच्या जागी डोपामीन बसवून गेलनचाच खेळ नव्याने मांडता येत नाही, हे त्यातून निष्पन्न झाले.

मग हे द्रव्य करते तरी काय? ह्याचे एक सुरेख उत्तर वोल्फ्राम शुल्ट्झ ह्यांनी माकडांच्या मेंदूतल्या पेशींचे स्पंदन टिपून दिले. १९९७ सालचा त्यांचा निबंध प्रसिद्ध आहे. माकडाला अवचित फळाचा रस मिळाला की डोपामीनच्या पेशी थरारतात. रसाआधी दरवेळी दिवा लागू लागला, की पेशी दिव्यालाच थरारतात आणि प्रत्यक्ष रसाला गप्प राहतात. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या मंदावतात. म्हणजे हे सुखाचे द्रव्य नव्हे. अपेक्षा आणि प्रत्यक्ष ह्यांमधल्या अंतराची ती नोंद आहे. दिवाळीच्या दिवसांत हे सांगायला शास्त्रज्ञ तरी कशाला हवा? वातीला ठिणगी लागल्यापासून आवाज होईपर्यंत पोरांच्या तोंडाकडे पाहा. करंजीपेक्षा करंजी तळल्याचा वास अधिक झोंबतो की नाही ते आठवा. आणि फुसका निघालेला फटाका आठवा.

मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज ह्यांनी आणखी एक भेद दाखवला. डोपामीन जवळजवळ नाहीसे केलेले उंदीर समोरचे अन्न खायला जात नाहीत, उपाशी मरतील. पण तोंडात साखरेचे पाणी घातले तर मिटक्या मारतात. गोडी शाबूत असते. गोडीकडे पाऊल टाकण्याची ओढ मात्र गेलेली असते. 'त्याला कशाची आवडच नाही' आणि 'त्याला उठवतच नाही' ही दोन वाक्ये आपण एकाच अर्थाने वापरतो. निसर्गाच्या लेखी ती दोन निरनिराळी दुखणी आहेत.

हा भेद केवळ पुस्तकी नाही, हे २००५ साली अमेरिकेतल्या मेयो रुग्णालयाच्या डॉक्टरांनी छापलेल्या एका टिपणावरून दिसते. कंपवाताच्या ११ रोग्यांना जुगाराचा अनावर नाद लागला होता. हे सर्वजण डोपामीनचे काम करणारी गोळी घेत होते. ज्यांची गोळी बंद किंवा कमी केली आणि ज्यांचा पुढचा ठाव लागला, त्यांचा नाद सुटला. विचार करा: आयुष्यभर पैशाला पैसा जोडणारा गृहस्थ म्हातारपणी जुगाराच्या अड्ड्यावर घर उधळतो. बायकोमुले म्हणणार, 'अखेर खरा स्वभाव बाहेर पडला!' आणि तो खरा स्वभाव निघतो गोळीचा. मग आधीचा काटकसरी गृहस्थ खरा, की नंतरचा जुगारी? हातून घडल्याचा दोष कोणाचा? न्यायालयापुढे असे खटले खरोखरच गेलेले आहेत.

ह्यावरून कोणी असे म्हणेल की, मग माणसाला जबाबदारच धरू नये. सारा खेळ द्रव्याचा! मला ते पटत नाही. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यांत डोपामीन बनवणाऱ्या मध्यमेंदूतल्या पेशी फार तर पाच-सहा लाख. राज्यात टपालखात्याचे महत्त्व मोठे असते. ते बंद पडले तर सारा कारभार ठप्प होतो, आणि बेफाम झाले तर राज्यात गोंधळ माजतो. पण पत्रांत काय लिहायचे हे टपालखाते ठरवत नाही. डोपामीन पाऊल उचलायला बळ देते. पाऊल देवळाकडे वळायचे की गुत्त्याकडे, हे ठरवायला आईची शिकवण, घरची ओढगस्त, मित्रांची संगत आणि स्वतः माणूस, इतके सारे तिथे हजर असतात. सॅक्स ह्यांचे रोगी जागे झाले ते एकाच औषधाने. पण कोणी गाऊ लागला, कोणी बायकोची आठवण काढून रडू लागला, कोणी रोजनिशी लिहायला बसला. औषध एक होते; माणसे निरनिराळी होती.

कार्लसनना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. होर्निकिएविच ह्यांचे नाव त्यात नव्हते, म्हणून दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून नाराजी व्यक्त केली. सर्पगंधेची मुळी शतकानुशतके कुटून देणाऱ्या वैद्यांची आणि वैदूंची नावे तर कोणालाच ठाऊक नाहीत. शास्त्राची दिवाळी अशी अनेक पणत्यांची असते. उजेड पडतो तेव्हा कोणती पणती कोणी लावली हे विचारायला कोणी थांबत नाही.

तेव्हा म्हण खरी की खोटी? स्वभावाला औषध नाही, हे आता कोणी छातीठोकपणे म्हणू नये. औषधाने स्वभाव बिघडतो आणि कधी सुधारतोही, हे आपण पाहिले. पण स्वभावाची गोळी बाजारात मिळेल, असेही कोणी समजू नये. 'डोपामीन' हा शब्द आज कॉलेजातल्या मुलांच्या तोंडी झाला आहे. कंटाळा आला तरी डोपामीन, हातातला फोन सुटला नाही तरी डोपामीन. उद्या तोही एक नवा शिक्काच होऊन बसेल.

ह्या हकीकतीतून मी माझ्यापुरते एवढेच घेतले आहे की, निकाल देण्याची घाई करू नये. सणाच्या दिवसांत घर भरलेले असते. कोपऱ्यातल्या खुर्चीत आजोबा बसलेले असतात. नातवंडे पाया पडतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर रेषाही हलत नाही. 'आजोबा रुसले' असे म्हणून पोरे पळतात. कंपवातात चेहऱ्याचे स्नायू थिजतात. आत आनंद असतो, तो बाहेर येण्याची वाट तेवढी बंद असते. ह्या दिवाळीत त्यांच्याजवळ जरा बसावे. हातावर लाडू ठेवावा, आणि तो तोंडापर्यंत पोचायला जितका वेळ लागेल तितका लागू द्यावा.